भाजलेल्या हातावर चांदीची पट्टी: आमचा अनुभव

पोळ्याच्या दिवशी भजे तळताना कढई कलंडली आणि सासूबाईंच्या, म्हणजे मामीजींच्या, उजव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत उकळतं तेल सांडलं. शेजारच्या काकूंनी घाईघाईत टूथपेस्ट चोपडली. काही न लावता वीस मिनिटं हात वाहत्या पाण्याखाली धरायला हवा होता, हे मला दवाखान्यात कळलं.

पहिले आठ दिवस सिल्व्हर सल्फाडायझिनचं पांढरं मलम लावलं. औषध १९६८ पासूनचं, स्वस्त आणि कुठेही मिळणारं. पण त्याचा चिकट थर रोज धुऊन काढावा लागतो. "मामीजी, झालंच आता," म्हणत मी हात धरायची आणि त्या पदर तोंडात कोंबायच्या. शिवाय दवाखान्यात जायला एसटीच्या फाट्यापर्यंत दोन किलोमीटर काळ्या मातीचा चिखल, तोही रोज.

नवव्या दिवशी पट्टीवर हिरवट डाग दिसला, गोडसर वास आला. तपासणीत स्यूडोमोनास नावाचा जंतू निघाला. डॉक्टरांनी अँटिबायोटिक सुरू केलं आणि चांदीची पट्टी बांधली.

या पट्टीवर चांदीचे अतिसूक्ष्म कण असतात. ओल मिळाली की त्यातून चांदीचे आयन (विद्युतभारित कण) हळूहळू सुटत राहतात आणि जंतूंना मारतात. आमची पट्टी तीन दिवसांची होती. ते तीन दिवस हात सोडवायचा नाही, हेच आमच्यासाठी सगळ्यात मोठं. सासूबाई पहिल्यांदाच रात्रभर झोपल्या.

एक गोष्ट मात्र जरूर लक्षात ठेवा. ही पट्टी निर्जंतुक पाण्यानेच भिजवायची, सलाईनने, म्हणजे मिठाच्या पाण्याने, नाही. मिठातलं क्लोराईड चांदीला बांधून टाकतं आणि पट्टीचा जोर कमी होतो. सिस्टरने हे दोनदा बजावलं. खोक्यावर मराठीत एक ओळ नव्हती, याचा मला खरंच राग आला.

पट्टी महाग आहे. एका पट्टीत निंदणाची तीन-चार दिवसांची मजुरी जाते, आणि गावच्या मेडिकलमध्ये ती मिळतही नाही. तरी रोजचं भाडं, बुडालेली मजुरी आणि त्या किंकाळ्या मोजल्या तर मी पुन्हा हीच घेईन. पट्टी काढल्यावर कातडीवर करडा रंग दिसला, आम्ही घाबरलो. तो नंतर गेला.

जखम स्वच्छ होताच डॉक्टरांनी चांदी थांबवली, कारण नवी कातडी भरायला ती उशीर लावते. पुढे साधं व्हॅसलीनचं गॉज (जाळीदार कापड) पुरलं.

सीतादहीला, म्हणजे कापूस वेचणी सुरू करतानाच्या पूजेला, पहिला कापूस मामीजींनीच वेचला, नव्या कातडीला ऊन लागू नये म्हणून माझ्या नवऱ्याचा पूर्ण बाहीचा शर्ट घालून.