आकडा आठवड्याचा दाखवला, पैसे चार आठवड्यांचे कापले

आधीच सांगतो, थेरपीबद्दल माझी काही तक्रार नाही. पुढे मला चांगल्या थेरपिस्ट भेटल्या आणि त्यांच्याकडे मी अजूनही जातो. तक्रार आहे ती त्याआधी एका ऑनलाइन थेरपीच्या ॲपवर गेलेल्या तीन महिन्यांची. थोडी स्वतःबद्दलही आहे, कारण एरवी मी बिलावरची प्रत्येक ओळ वाचणारा माणूस.

बाबा गेल्यापासून झोप उडाली होती. एकदा रात्री अडीच वाजता फोन चाळताना ऑनलाइन थेरपीची जाहिरात दिसली. तिच्यात एक आकडा होता, खिशाला सहज परवडेल असा. दाबलं. आधी प्रश्नावली आली: गेल्या दोन आठवड्यांत झोप कशी होती, भूक कशी होती, कशात मन लागतं का. एकूण नऊ प्रश्न. शेवटी लालभडक अक्षरांत माझे गुण, १३, आणि खाली ‘गंभीर. तातडीने मदत घ्या.’

मी घाबरलोच. ती प्रश्नावली म्हणजे नैराश्याची लक्षणं मोजणारी पीएचक्यू-९, हे मला फार नंतर कळलं. जगभरचे डॉक्टर ती वापरतात आणि ती वापरायला कुणाला पैसे द्यावे लागत नाहीत. गुण शून्य ते २७ असतात आणि १० ते १४ म्हणजे मध्यम. शिवाय ती निदान करत नाही, पुढे नीट तपासायला हवं का एवढंच सुचवते. म्हणजे माझे तेरा गुण खरे होते, लाल रंग आणि ‘गंभीर’ हा शब्द त्यांनी पदरचा घातला होता. त्यातला नववा प्रश्न जिवाचं बरंवाईट करण्याच्या विचारांबद्दल असतो. त्याचं उत्तर कुणी ‘हो’ दिलं तर समोर आधी माणूस यायला हवा, कार्डाचा फॉर्म नव्हे. इथे सगळ्यांची वाट त्या फॉर्मकडेच जात होती, असं मला आता वाटतं.

मग एक चक्र फिरायला लागलं. ‘तुमच्यासाठी योग्य थेरपिस्ट शोधत आहोत.’ चक्र थांबलं तेव्हा ना नाव दिसलं, ना फोटो. वर उलटं घड्याळ चालू होतं: १४:५९, १४:५८. तेवढ्या वेळात पैसे भरले तर पहिल्या बिलावर सवलत. डोळ्यांत पाणी, समोर पळणारे सेकंद. मी कार्डाचा नंबर टाकला, ओटीपी टाकला आणि मोकळा झालो.

बँकेचा मेसेज आला तेव्हा आकडा जाहिरातीच्या जवळजवळ चौपट होता. जाहिरातीतला दर ‘दर आठवड्याला’ होता आणि बिल एकदम चार आठवड्यांचं. ते लिहिलेलं होतं, नाही असं नाही. बटणाच्या खाली, पांढऱ्यावर फिकट राखाडी अक्षरांत. त्यातली दुसरी मेख मला महिन्याभराने कळली. त्यांचा ‘महिना’ चार आठवड्यांचा. वर्षात ५२ आठवडे, म्हणजे बिलं बारा नाहीत, तेरा. पगार मात्र बारा वेळाच होतो.

सेशन अर्ध्या तासाचं निघालं. साधारणपणे एक सेशन ४५ ते ५० मिनिटांचं असतं, त्यामुळे दर बघताना मिनिटंही बघायची असतात हे तेव्हा डोक्यातच आलं नाही. पहिल्या वेळी त्यातली दहा मिनिटं ‘माझा आवाज येतोय का?’ यातच गेली. ‘हवे तेवढे मेसेज’ असं वचन होतं. मी रात्री पानभर लिहायचो आणि दोन दिवसांनी उत्तर यायचं, ‘हे ऐकून वाईट वाटलं. तुम्हाला याबद्दल काय वाटतं?’ चार आठवड्यांत सेशन घेतलं नाही तर ते बाद, पुढे ढकलता येत नाही. त्यांच्याकडून रद्द झालं तर पैसे परत नाहीत, ॲपमध्ये ‘क्रेडिट’ जमा. ते क्रेडिटही साठ दिवसांनी विरून जायचं.

समोरचे गृहस्थ बोलायला सौम्य होते. प्रोफाइलवर ‘वेलनेस कोच’ लिहिलं होतं आणि मी ते थेरपिस्ट असंच वाचत राहिलो. कोच हा शब्द बहुतेक ठिकाणी कुणीही स्वतःपुढे लावू शकतं, त्याला परवाना लागत नाही. तिसऱ्या सेशनला मी विचारलं, ‘तुमचा नोंदणी क्रमांक मिळेल का?’ ते हसून म्हणाले, ‘विश्वास ठेवायला तुम्हाला अवघड जातं, यावर आपण काम करू या.’

मला सगळ्यात जास्त लागलं ते हे. पुढे मी ‘पैशाचं जमत नाही, थांबतो’ म्हणालो तेव्हा उत्तर तयारच होतं. थांबावंसं वाटणं हा मनाचा प्रतिकार असतो, बरं होण्याच्या उंबरठ्यावरच माणूस पळतो. प्रतिकार ही थेरपीतली खरी गोष्ट आहे. पण ती बिलाच्या तारखेच्या आदल्या दिवशी निघाली, आणि तिच्यापाठोपाठ बारा सेशनच्या ‘प्रोग्रॅम’ची लिंक आली. हप्त्यांची सोयही होती. ‘आत्ता काहीच भरायचं नाही.’

त्या रविवारी ताई घरी आली होती. तिला लिंक दाखवली. तिने चष्मा लावला, अटींचं पान उघडलं आणि बराच वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, ‘अरे, हे हप्ते यांचे नाहीत. कर्ज देणारी कंपनी वेगळीच आहे. हे पूर्ण पैसे आज घेऊन मोकळे होणार आणि तू त्या दुसऱ्यांना फेडत बसणार. सेशन बंद पडलं तरी हप्ता चालूच.’ तेवढ्यावरून मी वाचलो. उलट्या घड्याळाचं पान तिनेच पुन्हा उघडून दाखवलं. घड्याळ परत १४:५९ वर.

मी तिथल्या तिथे ॲप काढून टाकलं आणि सुटलो असं समजलो. दुसरं बिल आलंच. ॲप काढल्याने सबस्क्रिप्शन रद्द होत नाही, ते सेटिंगमध्ये जाऊन वेगळं रद्द करावं लागतं. माझं तर वेबसाइटवरून घेतलेलं, म्हणजे फोनच्या सेटिंगमध्येही सापडेना. शेवटी रद्द करा म्हणून ईमेल केला आणि त्याची प्रत ठेवली. तरी तिसरं बिल कापलं गेलंच. कार्ड बदलून घेणार होतो, पण ती युक्तीही बेभरवशाची. कार्ड कंपन्यांच्या एका सोयीमुळे नवा नंबर जुन्या सबस्क्रिप्शनवाल्याकडे आपोआप पोचू शकतो.

बँकेत मी एक चूक केली, तेवढी तुम्ही करू नका. तक्रारीत ‘फसवणूक’ असा प्रकार निवडला. बँकेने विचारलं, ओटीपी तुम्हीच टाकला ना? टाकला होता. तक्रार बंद. दुसऱ्यांदा ताईने लिहून दिलं: सांगितल्याप्रमाणे सेवा मिळाली नाही, आणि रद्द केल्यानंतरही पैसे कापले. सोबत जाहिरातीचा स्क्रीनशॉट, ईमेलची प्रत, ‘कोच’ लिहिलेलं प्रोफाइल. कार्डाच्या व्यवहारात असा वाद उभा करायला ठरावीक मुदत असते, त्यामुळे उशीर परवडत नाही. थेट खात्यातून पाठवले असते तर ही वाट आणखी अवघड झाली असती. तीनपैकी दोन बिलं परत आली, पहिलं गेलं ते गेलंच.

परत न येणारी आणखी एक गोष्ट म्हणजे त्या प्रश्नावलीत मी भरलेली उत्तरं. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे ग्राहकांचं हित बघणाऱ्या तिथल्या सरकारी संस्थेने, २०२३ मध्ये ऑनलाइन समुपदेशन देणाऱ्या एका मोठ्या कंपनीला ७८ लाख डॉलर भरायला लावले, कारण तिने ग्राहकांची अशी माहिती जाहिरातींसाठी फेसबुक, स्नॅपचॅटसारख्या कंपन्यांना दिल्याचा आरोप होता. माझी उत्तरं कुठे गेली, देव जाणे. झोपेच्या गोळ्यांच्या जाहिराती मात्र मला अजून दिसतात.

आताच्या थेरपिस्टना पहिला फोन मी चिडूनच केला होता. परवाना कुठला, सेशन किती मिनिटांचं, रद्द करायचं तर किती तास आधी, सगळं एका दमात विचारलं. त्यांनी नोंदणी क्रमांक सांगितला, ५० मिनिटं आणि २४ तास असं सांगितलं, आणि पैसे प्रत्येक सेशननंतर, आगाऊ काही नाही. मग मी जरा ओशाळून विचारलं, फी थोडी कमी होईल का?

‘कमी फीच्या माझ्या दोन जागा आहेत, आत्ता दोन्ही भरल्यात,’ त्या म्हणाल्या. ‘तोवर आठवड्याऐवजी पंधरा दिवसांनी भेटलो तर जमेल का, बघा.’