अस्तु : तीन वर्षं लांबवला आणि शेवटी बघितला

इतकी वर्षं टाळलं, कारण घरात आजोबांचं तेच, स्मृतिभ्रंशाचं, चालू होतं, पण परवा लॉ कॉलेज रोडला मित्राकडे बसून सुमित्रा भावे-सुनील सुकथनकरांचा अस्तु बघून टाकला एकदाचा. 2013 चा पिक्चर, भावेंना संवादांचं आणि अमृता सुभाषला सहाय्यक अभिनेत्रीचं नॅशनल अवॉर्ड मिळालेलं, तरी आमच्या ग्रुपमध्ये निम्म्यांना नावही माहीत नाही, आता बोला!

स्टोरी म्हणाल तर एवढीशी. संस्कृतचे पंडित, आता स्मृतिभ्रंश झालेला, मुलगी गाडीत बसवून जाते नि म्हातारबुवा उतरून हत्तीच्या मागे चालू लागतात. बास. पण पंडित झालेले मोहन आगाशे त्या हत्तीकडे ज्या नजरेनं बघतात ना, लहान पोरासारखं, तिथं माझं चहाचं कप हातातच राहिलं (स्वतः मानसोपचारतज्ज्ञ आहेत ते, उगाच नाही एवढं नेमकं जमलं). आणि माहुताची बायको, कन्नड बोलणारी चन्नम्मा, ती त्यांना काही न विचारता पोरासारखं सांभाळते, तेव्हा इरावती हर्षेच्या चेहऱ्यावरची ती दमलेली मुलगी जास्तच आठवत राहते.

स्लो आहे का? आहे. मधे मुलीच्या घरचे काही सीन जरा भाषणासारखे वाटतात, तिथं मित्र मोबाईल काढून बसला, त्याला दोष नाही देत मी. मी मात्र घरी जाताना आजोबांसाठी मस्तानी पार्सल घेतली, त्यांनी विचारलं तुम्ही कोण.