एसडब्ल्यू४८० आणि एसडब्ल्यू६२०: जोडीनेच मागवा

मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा फैलाव अभ्यासायला सेल लाइनची (प्रयोगशाळेत सतत वाढवत ठेवलेल्या पेशींची) ही जोडी उत्तमच. पहिली मूळ गाठीतली, दुसरी त्याच रुग्णाच्या लसीका ग्रंथीत पसरलेल्या कर्करोगातली. १९७६ साली लायबोविट्झ आणि सहकाऱ्यांनी नोंदवलेली. दोन्हींत केरास (KRAS) या कर्करोगाशी संबंधित जनुकातला बदल तोच, म्हणून तुलना चोख होते.

घोळ होतो तो माध्यमात, म्हणजे पेशी वाढवायच्या पोषक द्रवात. या पेशींसाठीच्या एल-१५ माध्यमात सोडियम बायकार्बोनेट नसतं. ५ टक्के कार्बन डायऑक्साइडच्या इन्क्युबेटरात ठेवलंत की ते आम्ल होऊन पिवळं पडतं, पेशी मरगळतात. साधी हवा, ३७ अंश, फ्लास्कचं झाकण घट्ट, १० टक्के सीरम. एसडब्ल्यू६२० सैल चिकटते, काही गोल पेशी तरंगतात. माध्यम बदलताना त्या ओतून देऊ नका, सेंट्रिफ्यूज करून परत घाला. मायकोप्लाझ्माची (पेशींत लपून वाढणाऱ्या जिवाणूंची) तपासणी आणि एसटीआर प्रोफाइल (पेशींची ओळख पटवणारी डीएनए चाचणी) मात्र साठा गोठवण्याआधीच.