दोन राउटर, एकच सबनेट : काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

नाशिकच्या इंदिरानगरमधील आमच्या दुमजली घरात फायबरचा राउटर तळमजल्यावर आहे आणि स्लॅबमधून वाय-फाय नीट वर पोहोचत नसल्याने वरच्या मजल्यावर दुसरा राउटर बसवलेला आहे. खालून आलेली केबल वरच्या राउटरच्या वॅन पोर्टमध्ये (इंटरनेट आत घेण्याच्या खाचेत) असल्याने खाली १९२.१६८.१.० आणि वर १९२.१६८.०.० अशा पत्त्यांची दोन वेगळी जाळी, म्हणजे सबनेट, झाली होती. इंटरनेट दोन्हीकडे चालत असे. अडत असे ते घरातल्या घरात. खालचा प्रिंटर वरच्या लॅपटॉपला आपोआप सापडत नसे, आणि फोनवरील व्हिडिओ दिवाणखान्यातील टीव्हीवर लावायचा तर आधी फोनचे वाय-फाय बदलावे लागे. अशी बरीच उपकरणे २२४.०.०.२५१ या मल्टिकास्ट (एकाच वेळी अनेकांना ऐकू जाणाऱ्या) पत्त्यावर एकमेकांना हाक देतात आणि ती हाक राउटर ओलांडत नाही.

यावर उपाय म्हणून वरच्या राउटरला १९२.१६८.१.२ हा पत्ता दिला, त्याची डीएचसीपी सेवा (उपकरणांना आपोआप पत्ते वाटणारी) बंद केली आणि मगच केबल लॅन पोर्टमध्ये (घरातली उपकरणे जोडण्याच्या खाचेत) लावली; त्यामुळे दोन्ही मजले एकाच सबनेटमध्ये आले. हा क्रम पाळावाच, नाहीतर दोन्ही राउटर पत्ते वाटू लागतात आणि काही उपकरणांना चुकीचा गेटवे (इंटरनेटकडे जाण्याचा दरवाजा) मिळतो. अ‍ॅक्सेस पॉइंट मोड (फक्त वाय-फाय पुरवण्याची सोय) असलेल्या राउटरमध्ये हे सारे एका पर्यायात होते. खालच्या राउटरच्या डीएचसीपीला वाटण्यासाठी शेवटचा आकडा १०० ते १९९ असलेले पत्ते दिले आणि प्रिंटर व कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर यांचे पत्ते राखून ठेवले.

तेव्हापासून छपाई आणि टीव्ही यांबाबत घरात कोणाची तक्रार नाही. दोन्ही राउटरना एकच नाव आणि पासवर्ड दिला असला, तरी जिना चढताना फोन बराच वेळ खालचाच क्षीण सिग्नल धरून राहतो; कोणता राउटर धरायचा हे फोन ठरवतो, सबनेट नव्हे. शिवाय पत्ते आता एकच राउटर वाटतो, त्यामुळे तो बंद असताना नव्याने जोडलेल्या उपकरणाला पत्ता मिळत नाही. म्हणून तो इन्व्हर्टरवर घेतला.

खरी किंमत सुरक्षेची आहे. वरच्या संगणकांना पूर्वी दुसऱ्या राउटरच्या नॅटची (आतले पत्ते बाहेरून झाकणाऱ्या सोयीची) आयती आडभिंत होती, ती गेली आणि स्वस्तातले स्मार्ट प्लग त्यांच्याच पंगतीत येऊन बसले. प्लग मी खालच्या राउटरच्या गेस्ट नेटवर्कवर (मुख्य जाळ्यापासून वेगळ्या, पाहुण्यांसाठीच्या वाय-फायवर) हलवले. कॅमेरे मात्र तेथे नेले की रेकॉर्डरला दिसत नाहीत, म्हणून ते मुख्य जाळ्यातच ठेवून त्यांचे मूळ पासवर्ड बदलले आणि राउटरमधून त्यांचे इंटरनेट बंद केले. चित्रण रेकॉर्डरवर पूर्वीसारखेच होते.