शिष्यत्वाचा बारा आठवड्यांचा वर्ग: चौथा माणूस कुठे आहे?

पहिल्या मंडळीच्या, म्हणजे येशूनंतरच्या सुरुवातीच्या ख्रिस्ती समाजाच्या, नमुन्यावर बेतलेला एक शिष्यत्व वर्ग सध्या सांगली, मिरज आणि तासगाव भागातल्या काही मंडळ्यांमध्ये चालवला जातोय. प्रत्येकाला एक वही, वर्ग चालवणाऱ्याला एक मार्गदर्शिका आणि भिंतीवर लावायला प्रेषित पौलाच्या प्रवासांचा नकाशा, एवढा संच. आठवड्यातून एक बैठक, दीड तासाची: पंधरा मिनिटं भजन-प्रार्थना, चाळीस मिनिटं शिक्षण, पंचवीस मिनिटं गटचर्चा, उरलेली दहा मिनिटं वही भरायला. बाराव्या आठवड्यानंतरच्या रविवारी उपासनेत प्रमाणपत्रं वाटली जातात आणि वर्ग संपतो.

वर्ग घेण्याजोगा आहे, पण जसाच्या तसा नाही. शिष्यत्वाच्या वर्गाला कसोटी लावायची तर ती बायबलातल्या २ तीमथ्य २:२ ची. त्या एका वचनात चार जण आहेत: पौल, त्याचा शिष्य तीमथ्य, तीमथ्याने निवडायची विश्वासू माणसं आणि ती माणसं ज्यांना शिकवतील ते. या संचात पौलाच्या जागी मार्गदर्शिका आहे, तीमथ्याच्या जागी वर्ग चालवणारा आहे, विश्वासू माणसं वही भरताहेत. चौथा कुठेच नाही. बाराही बैठकांत एकदाही सहभाग्याला सांगितलेलं नाही की आता हाच धडा तू दुसऱ्या कुणाला तरी शिकव.

सुरुवातीचे तीन आठवडे उत्तम बांधलेत. बायबलातल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात २:४२ मध्ये आलेल्या चार गोष्टी, म्हणजे शिक्षण, सहवास, भाकर मोडणं आणि प्रार्थना, वेगवेगळ्या न काढता एकाच घरात कशा चालत ते नीट दाखवलंय. त्याच पुस्तकाच्या सहाव्या अध्यायाचा धडा तर आमच्याकडच्या मंडळ्यांनी दोनदा घ्यावा. रोजच्या वाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवांकडे दुर्लक्ष होतंय ही तक्रार आली तेव्हा प्रेषितांनी तक्रार दाबली नाही. सात जण निवडायला सांगितले. निवडलेल्या सातही जणांची नावं ग्रीक आहेत. ज्यांची तक्रार होती त्यांच्यातल्याच माणसांकडे वाटप गेलं असावं, असं त्यावरून दिसतं. मार्गदर्शिका हे नेमकं सांगते आणि पुढे विचारते: तुमच्या मंडळीच्या कमिटीत वस्तीवरचं, भाड्याच्या खोलीत राहणारं कोण आहे? प्रश्न बोचरा आहे. तो टाळून पुढे जाणारे वर्गचालक असणारच, टाळू नये.

चौथ्या आठवड्यापासून इतिहासाची सरमिसळ सुरू होते. छळाच्या काळात ख्रिस्ती लोक रोमच्या भुयारांत लपून उपासना करत, असं चित्रासकट छापलंय. ती भुयारं दफनाची जागा होती. नेहमीच्या उपासनेचं लपायचं ठिकाण नव्हे. लोक जमत ते घरांत. युफ्रेटिस नदीकाठी, आजच्या सीरियात, ड्युरा-युरोपोस इथे तिसऱ्या शतकातलं असं एक घर खोदकामात सापडलंय. दोन खोल्यांमधली भिंत काढून जमण्यासाठी एक मोठी खोली केलेली, आणि दुसऱ्या एका खोलीत बाप्तिस्म्याचं कुंड, भिंतींवर चित्रं. भुयाराच्या जागी या घराचा आराखडा छापला असता तर सांगलीच्या खणभागातल्या दोन खोल्यांच्या घरात जमणाऱ्या गटाला आपली बैठकही त्याच वळणाची आहे हे न सांगता कळलं असतं.

त्याहून मोठी गफलत बाप्तिस्म्याच्या धड्यात आहे. पहिली मंडळी तीन वर्षं शिकवून मगच बाप्तिस्मा देत असे, असं वही सरसकट म्हणते. तीन वर्षांचा हा नियम ‘प्रेषितीय परंपरा’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या नंतरच्या संहितेत येतो. तो ग्रंथ हिप्पोलितस या जुन्या ख्रिस्ती लेखकाच्या नावावर घातला जातो, पण त्याबद्दल अभ्यासकांत एकमत नाही. शिवाय तिथेही मोजमाप वर्षांचं नाही, वागणुकीचं आहे, असं स्पष्ट म्हटलंय. प्रेषितांच्या कृत्यांत चित्र अगदी वेगळं. कूशी षंढाला, म्हणजे कूश देशाच्या राणीच्या अधिकाऱ्याला, वाटेतच पाणी दिसलं आणि तिथेच बाप्तिस्मा झाला. फिलिप्पैच्या तुरुंगाधिकाऱ्याचा आणि त्याच्या घरच्यांचा त्याच रात्री. पण षंढ यशया वाचत बसलेला होता, म्हणजे शास्त्राची ओळख आधीचीच होती. पुढे जेव्हा मूर्तिपूजक पार्श्वभूमीची, शास्त्राचा गंध नसलेली माणसं मोठ्या संख्येने येऊ लागली, तेव्हा शिकवणीचा काळ लांबत गेला. ही कारणमीमांसा दोन ओळींत सांगता आली असती. ती नसल्यामुळे वर्गात हमखास वाद होतो: एक म्हणतो लगेच द्या, दुसरा म्हणतो तीन वर्षं थांबा, आणि दोघांच्याही हातात तीच वही. वर्ग चालवणाऱ्याने हा धडा आधी वाचून, त्या पानावर काळ आणि गाव पेन्सिलीने लिहून ठेवावं.

सातवा आठवडा ‘डिडाखे’ या सुरुवातीच्या मंडळ्यांच्या नियमांच्या जुन्या पुस्तिकेवर आहे, आणि संचातला सर्वांत कसदार भाग हाच. सोळा छोटे अध्याय. १८७३ मध्ये फिलोथेओस ब्रायेनिओस यांना कॉन्स्टँटिनोपलमध्ये हस्तलिखित सापडलं, १८८३ मध्ये छापून आलं. वहीत त्यातले नियम थेट दिलेत. बाप्तिस्मा वाहत्या पाण्यात; ते नसेल तर दुसऱ्या पाण्यात; थंड नसेल तर कोमट; दोन्ही नसेल तर डोक्यावर तीनदा ओतून. बाप्तिस्म्याआधी एक-दोन दिवस उपास, आणि तो एकट्या घेणाऱ्याचा नाही, देणाऱ्याचाही. बुधवारी आणि शुक्रवारी उपास. प्रभूची प्रार्थना दिवसातून तीनदा. फिरत्या सुवार्तिकाबद्दलचा नियम मात्र सगळ्यांचे कान टवकारतो: पाहुणा एक दिवस राहील, गरज पडली तर दुसराही, तिसऱ्या दिवशीही राहिला तर तो खोटा संदेष्टा. निघताना पुढच्या मुक्कामापुरती भाकर घेईल. पैसे मागितले तर तोही खोटाच. (उपासनेच्या सूचना फलकावर लावायला हरकत नाही.) साध्या प्रवाशाला दोन-तीन दिवस, आणि त्याला गावातच राहायचं असेल तर हाताला काम असावं, फुकट खाणारा नसावा. आदरातिथ्यही आहे आणि हिशोबही आहे. या धड्याला चाळीस मिनिटं पुरत नाहीत. दोन बैठका द्या.

नववा आणि दहावा आठवडा सुवार्ताकार्याचा, आणि तिथे संच सगळ्यात कमी पडतो. गृहपाठ असा: आठवडी बाजारात जाऊन पन्नास पत्रकं वाटा आणि ग्रुपवर फोटो टाका. पहिल्या मंडळीच्या नावाखाली हे खपवणं बरं नाही. अंत्युखियातली मंडळी उभी केली ती स्तेफनाच्या वेळच्या छळात पांगलेल्या कुप्र आणि कुरेनेकडच्या लोकांनी. ‘प्रेषितांची कृत्ये’ लिहिणारा लूक त्यांची नावंसुद्धा देत नाही. मग बर्णबा तार्सला जाऊन शौलाला, म्हणजेच पौलाला, घेऊन आला आणि दोघांनी तिथे वर्षभर शिकवलं. पुढे उपास-प्रार्थना करून त्या मंडळीने हेच दोन शिक्षक, म्हणजे होते त्यातले सर्वांत उपयोगाचे, पाठवून दिले. चौदाव्या अध्यायात ते लुस्त्र, इकुन्या करत उलट वाटेने परत जातात, प्रत्येक मंडळीत वडील नेमतात आणि अंत्युखियात येऊन सगळं सांगतात. पंधराव्यात पौल पुन्हा म्हणतो, चला, ते कसे आहेत ते पाहू. म्हणजे आधी शिकवणं, मग पाठवणं, मग परत भेट, मग हकिगत. संचात पाठवणं तेवढं आहे आणि परत भेट नाहीच. पत्रकांऐवजी सहभाग्याने आपल्या ओळखीच्या दोन घरांची नावं लिहावीत आणि तिथे महिन्यात दोनदा जावं. पहिल्या भेटीत काही शिकवू नये. रुग्णाला भेटायला जाल तर घरच्यांना विचारूनच प्रार्थना करा. दवाखान्यात वॉर्डाची परवानगी घ्या आणि उशाशी पत्रक ठेवून येऊ नका.

याच धड्यात इथलं एकही उदाहरण नाही, हे खटकतं. ना. वा. टिळकांनी १९१७ मध्ये साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ ही शिष्यांची संघटना मांडली तेव्हा बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही शिष्य त्यात धरले होते. पटो न पटो, शिष्य कुणाला म्हणायचं या प्रश्नावर इतकी धीट चर्चा आपल्याच मातीत झाली आहे. मिरजेत मिशनरी डॉक्टर वॅनलेस यांनी १८९४ मध्ये रुग्णालय उभारलं आणि उपचारांबरोबर इथल्या माणसांना वैद्यकीय शिक्षण देण्याचंही काम चाललं. चौथ्या माणसाचं उदाहरण तालुक्याच्या आत पडलेलं असताना संच अमेरिकेतल्या एका महाविद्यालयाची गोष्ट सांगतो.

मार्गदर्शिकेत सगळीकडे ‘वडील बंधूंनी करावे’ असं आहे. अपुल्लोस या उपदेशकाला घरी नेऊन प्रभूचा मार्ग अधिक नीट समजावणाऱ्यांत प्रिस्किल्ला होती, आणि लूक तिचं नाव नवऱ्याच्या आधी घेतो. फिलिप्पैत पहिलं घर उघडलं ते जांभळी वस्त्रं विकणाऱ्या लुदियाने. सुमारे ११२ साली बिथुनियाचा सुभेदार प्लिनी सम्राट ट्राजनला लिहितो की त्याने दोन दासींना छळून चौकशी केली, ज्यांना मंडळीत सेविका म्हणत. आपल्याकडे घरोघरी भेटी देतं ते महिला मंडळ. तेव्हा निदान निम्मे गट बायकांनी चालवावेत.

अर्पणाचा धडा फक्त दशांशावर, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग देण्यावर आहे. अंत्युखियाने दुष्काळासाठी यहूदीयात मदत पाठवली ती ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणे. करिंथकरांना पौल दर आठवड्याच्या पहिल्या दिवशी थोडं बाजूला काढायला सांगतो. आणि मोठी रक्कम नेताना तो एकटा नेत नाही, संशयाला जागा नको म्हणून मंडळ्यांनी निवडलेली माणसं बरोबर घेतो. २ करिंथ ८:१८-२१ या वर्गात वाचलंच पाहिजे. २०१९ आणि २०२१ च्या महापुरानंतर ज्या मंडळ्यांनी मदत वाटली त्यांना दोन सह्या आणि उघडी वही यांचं महत्त्व वेगळं सांगायला नको.

आता वर्ग चालवायचा कसा. वही भरण्यावर जोर आहे, त्यामुळे वाचन-लेखन कमी असलेले ज्येष्ठ गप्प बसतात आणि तिसऱ्या आठवड्यापर्यंत यायचे थांबतात. प्रकटीकरण १:३ मध्ये वाचणारा एक आणि ऐकणारे अनेक आहेत. दुसऱ्या शतकातला ख्रिस्ती लेखक जस्टिन सांगतो की रविवारच्या सभेत प्रेषितांच्या आठवणी किंवा संदेष्ट्यांचे ग्रंथ वेळ असेल तोवर वाचले जात. तेव्हा वहीची दहा मिनिटं काढून टाका आणि सुरुवातीला अख्खा अध्याय मोठ्याने वाचा. शिक्षण चाळीसवरून पंचवीस मिनिटांवर आणा. त्रोवसात पौलाचं बोलणं लांबलं तेव्हा युतुख खिडकीत झोपून तिसऱ्या मजल्यावरून पडला. इथे कामावरून थेट आलेली माणसं खुर्चीतच झोपतात. वाचलेल्या वेळात जेवण. पिठलं-भाकरी पुरे, घरं आळीपाळीने, आणि यजमानाने एकाहून जास्त भाजी करायची नाही असा नियम पहिल्याच दिवशी करा, नाहीतर चौथ्या घरापासून चढाओढ सुरू होते आणि गरिबाघरी पाळी येईनाशी होते. करिंथच्या मंडळीत नेमकं अशाच एकत्र जेवणावरून बिनसलं होतं.

गट आठचा. बारा झाले की चार जण नुसते श्रोते होतात. पाचव्या आठवड्यापासून प्रत्येकाने वर्गाबाहेरच्या एकाला निवडून तोच धडा वीस मिनिटांत सांगायचा आणि पुढच्या बैठकीत त्याने काय विचारलं तेवढंच येऊन सांगायचं. चौथा माणूस असा येतो. प्रमाणपत्र बाराव्या आठवड्याला नको; द्यायचंच तर त्या दुसऱ्या माणसाने तिसऱ्याला धडा सांगितल्यावर द्या.

वेळेचं गणित संचात नाहीच. इफिसात पौल तुरन्नाच्या पाठशाळेत दोन वर्षं बोलत राहिला. काही जुन्या हस्तलिखितांत पाचव्या तासापासून दहाव्या तासापर्यंत अशी भर आहे, म्हणजे साधारण सकाळी अकरा ते दुपारी चार, लोक विसावा घेतात तेव्हाची रिकामी जागा. आपणही रिकामा काळ शोधावा. ऑक्टोबरात तासगावकडे द्राक्षाची फळछाटणी, मग कारखान्यांचा गळीत हंगाम आणि पाळ्या, डिसेंबरात नाताळची गाणी, फेब्रुवारीपासून द्राक्षांची काढणी. जूनच्या पहिल्या आठवड्यात सुरू केलं तर ऑगस्टअखेर बारा बैठका बसतात, पण नदीकाठच्या मंडळ्यांनी जुलैअखेर ते ऑगस्टमध्य हे दोन आठवडे मोकळे ठेवून सप्टेंबरात संपवावं. संध्याकाळी साडेसातला सुरू होऊन जेवणासकट नऊला संपलं पाहिजे, कारण गावाकडची शेवटची एसटी कुणासाठी थांबत नाही.

नवीन बाप्तिस्मा घेतलेल्यांसाठी एकटा हा संच देऊ नका; त्यात येशूच्या चरित्रावर एकही पूर्ण बैठक नाही, ते गृहीत धरलंय. त्यांच्याबरोबर आधी मार्कचं शुभवर्तमान सोळा बैठकांत वाचून घ्या. जुन्या, दृढीकरण होऊन वर्षं लोटलेल्या सभासदांना मात्र हा वर्ग चांगला हलवतो. मागवताना आठ जणांमागे वह्या चारच घ्या, जोडीला एक, आणि मार्गदर्शिका एकाऐवजी तीन. दुसरी आणि तिसरी मार्गदर्शिका सहाव्या आठवड्यालाच गटातल्या दोघांच्या हातात देऊन आठवा आणि अकरावा धडा त्यांच्याकडे सोपवायचा.