आयडेंटिटी फाइंडिंग्ज: डॅशबोर्ड, हाताने लिहिलेली क्वेरी की एआय एजंट?

अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी किंवा एन्ट्रा आयडी (कंपनीतली खाती आणि त्यांचे अधिकार सांभाळणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या यंत्रणा) तपासणारं कुठलंही टूल लावा, पहिल्याच स्कॅनला फाइंडिंग्जचा, म्हणजे सापडलेल्या त्रुटींचा, ढीग पडतो. वापरात नसलेली सर्व्हिस अकाउंट्स (प्रोग्रामसाठीची खाती), एमएफए (पासवर्डशिवाय दुसरी खातरजमा) नसलेले अ‍ॅडमिन, कधीच एक्स्पायर न होणारे पासवर्ड. त्यातून नेमकं हवं ते काढायला आतापर्यंत दोनच मार्ग होते: तयार डॅशबोर्ड किंवा हाताने लिहिलेली क्वेरी. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रोपिकने एमसीपी हा एआयला बाहेरच्या टूल्सशी जोडणारा प्रोटोकॉल खुला केला, त्यानंतर एआय एजंट थेट अशा टूल्सना जोडता येऊ लागले आणि "त्यालाच विचारा की" हा तिसरा मार्ग आला. टीमसाठी यातलं काय घ्यावं, या विचारात असाल तर हे वाचा.

डॅशबोर्डबद्दल फार बोलण्यासारखं नाही. व्यवस्थापनाला दर महिन्याचा आलेख दाखवायला तो उत्तम. पण बनवणाऱ्याला जे प्रश्न सुचले, तेवढ्यांचीच उत्तरं त्यात मिळतात.

क्वेरीचं तसं नाही. २०१६ मध्ये आलेल्या ब्लडहाउंड या हल्ल्याच्या वाटा शोधणाऱ्या टूलने सगळी डिरेक्टरी ग्राफमध्ये, म्हणजे खाती आणि त्यांच्यातल्या जोडण्यांच्या जाळ्यात, मांडली. "हेल्पडेस्कच्या ग्रुपमधून डोमेन अ‍ॅडमिनपर्यंत वाट आहे का?" हा प्रश्न सायफर या ग्राफच्या क्वेरी-भाषेत दोन-चार ओळींत विचारता येतो. आज चालवा किंवा सहा महिन्यांनी, डेटा तोच असेल तर उत्तर तेच. ऑडिटरला लागतं ते हेच. अडचण माणसांची आहे: सायफर, केक्यूएल (मायक्रोसॉफ्टच्या लॉगसाठीची क्वेरी-भाषा) आणि एलडॅप फिल्टर (डिरेक्टरीत शोधायची पद्धत) तिन्ही सफाईने लिहिणारा टीममध्ये बहुधा एकच असतो, आणि तो नोटीस पीरियडवर गेला की सगळ्यांचे धाबे दणाणतात.

एजंट ही अडचण खरोखर सोडवतो. साध्या मराठीत विचारा, तो क्वेरी लिहितो, चालवतो, त्यातून निघालेला पुढचा प्रश्नही स्वतःच विचारतो. सर्ट-इन या भारताच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावी लागते. अशा वेळी "या खात्याचा हात कुठवर पोहोचतो?" याचं उत्तर मिनिटांत मिळणं ही मोठी गोष्ट आहे.

पण तो चुकतो कुठे, ते नीट पाहा. समजा विचारलंत, "९० दिवसांत लॉगिन न झालेली खाती दे." अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीत यासाठी दोन अ‍ॅट्रिब्यूट आहेत. लास्टलॉगऑन प्रत्येक डोमेन कंट्रोलरवर (लॉगिन तपासणाऱ्या सर्व्हरवर) वेगळं असतं, एकमेकांकडे जात नाही. लास्टलॉगऑनटाइमस्टॅम्प सगळीकडे पोहोचतं, पण डीफॉल्ट सेटिंगमध्ये ते साधारण ९ ते १४ दिवस मागे असू शकतं. एजंटने पहिलं उचललं आणि एकाच कंट्रोलरला विचारलं, तर दुसऱ्या कंट्रोलरवर रोज लॉगिन होणारं खातंही 'निष्क्रिय' ठरेल. यादी दिसायला झकास असेल. त्या यादीवरून खाती बंद केलीत की सोमवारी सकाळी फोन सुरू.

दुसरी गंमत आकड्यांची. मायक्रोसॉफ्ट ग्राफ (एन्ट्रातला डेटा मागायचा एपीआय) एका पानात डीफॉल्टने १०० यूजर देतं. पुढचं पान एजंटने मागितलंच नाही, तर उत्तर येतं, "एकूण १०० खाती." इतका गोल आकडा दिसला की मी आधी क्वेरी उघडतो. एन्ट्राचे साइन-इन लॉगही पी१ किंवा पी२ लायसन्सवर ३० दिवसच राहतात. ते वेगळे साठवले नसतील आणि "गेल्या सहा महिन्यांत" असं विचारलंत, तर एजंट ३० दिवसांवरूनच ठामपणे बोलेल.

सुरक्षेचा भाग वेगळाच. एजंट जे वाचतो त्यातला काही मजकूर परक्याने लिहिलेला असतो. साइन-इन लॉगमधला यूजर-एजंट (ब्राउझर किंवा अ‍ॅपची ओळख सांगणारा) हा मजकूर तर लॉगिनचा फसलेला प्रयत्न करणाराही ठरवू शकतो, आणि त्यात एजंटसाठी सूचना पेरता येते. म्हणून एजंटला परवानगी द्यायची ती फक्त वाचण्याची. खातं बंद करणं, ग्रुपमधून काढणं ही कामं माणसाकडेच. आणि हो, एजंटला दिलेलं सर्व्हिस प्रिन्सिपल (एन्ट्रातलं अ‍ॅपचं खातं) हीसुद्धा एक नवी आयडेंटिटीच. पुढच्या स्कॅनच्या फाइंडिंग्जमध्ये तीही यायला हवी.

माझं मत: तपासासाठी एजंट, मोजणीसाठी सेव्ह केलेली क्वेरी. एजंटने लिहिलेली चांगली क्वेरी जाणकाराने एकदा तपासून रेपोमध्ये (टीमचा कोड ठेवायच्या जागी) टाकायची आणि पुढे तीच चालवायची. क्वेरी लिहिणारा कोणीच नसेल तरी एजंट घ्या, पण त्याच्या यादीवरून काही बंद करण्याआधी खात्याच्या मालकाला विचारा. दोन-तीनशे यूजरच्या कंपनीला मात्र एवढ्या खटाटोपाची गरज नाही. पिंगकॅसल या अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी तपासणाऱ्या टूलचा रिपोर्ट आणि तो वाचायला एक मोकळी दुपार पुरते.

डेमोला बसलात तर टेस्ट डोमेनमध्ये एका यूजरचा प्रायमरी ग्रुप बदलून डोमेन अ‍ॅडमिन्स करून ठेवा. असा ग्रुप यूजरच्या मेंबरऑफमध्ये (त्याच्या ग्रुपांच्या यादीत) दिसतच नाही. मग विक्रेत्याच्या एजंटला विचारा, "डोमेन अ‍ॅडमिन कोण कोण आहेत?" नाव आलं तर पुढे बोला. नाही आलं, तर त्याने चालवलेली क्वेरी दाखवायला सांगा. ती दाखवायची सोयच नसेल तर किमतीची चर्चा सुरू करू नका.