एनजेपीडब्ल्यू वर्ल्ड: तानाहाशीची कारकीर्द क्रमाने बघायची असेल तर

4 जानेवारी 2026 ला टोक्यो डोममध्ये काझुचिका ओकादाविरुद्ध शेवटची लढत खेळून जपानी प्रो-रेसलर हिरोशी तानाहाशीने लंगोट खुंटीला टांगला. तेव्हापासून त्याच्या लढतींचे तुकडे सगळीकडे फिरताहेत. तीस सेकंदांचे हे तुकडे दिसतात छान, पण त्यातून हा माणूस कळत नाही. न्यू जपान प्रो-रेसलिंग (एनजेपीडब्ल्यू) या त्याच्या कंपनीत कारकीर्द लढतीमागून लढत अशी सांगितली जाते. 2012 मध्ये झालेल्या हिशेबाची फेड 2018 मध्ये होते. त्यासाठी कंपनीची स्वतःची ऑनलाइन चित्रफितींची सेवा, एनजेपीडब्ल्यू वर्ल्ड, एक-दोन महिने घ्यावी असं माझं ठाम मत आहे.

टीव्ही असाहीच्या साथीने डिसेंबर 2014 मध्ये ही सेवा सुरू झाली. तेव्हा वर्गणी महिन्याला 999 येन होती, आता त्याहून जास्त आहे. पैसे येनमध्ये जातात, म्हणून आधी बँकेच्या ॲपमध्ये कार्डावरचे परदेशी व्यवहार सुरू करा. आपल्या नव्या कार्डांवर ते मुळात बंदच असतात. परकीय चलनाचं शुल्क आणि त्यावरचा जीएसटी वेगळा लागतो. दुसऱ्या महिन्याची आपोआप होणारी वजावट भारतीय कार्डावर अडकू शकते, कारण आवर्ती पेमेंटचे रिझर्व्ह बँकेचे नियम कडक आहेत. ती अडकली तर घाबरू नका, हाताने पुन्हा भरा. सुरुवातीपासून इथली आकारणी 1 तारखेला धरून होती. आजही तसंच असेल तर वर्गणी महिन्याच्या पहिल्या दोन-तीन दिवसांतच घ्यावी. 27 तारखेला घेतली तर चार दिवसांत दोनदा पैसे जायचे.

थेट प्रक्षेपण आपल्या वेळेला सोयीचं आहे. जपान आपल्या साडेतीन तास पुढे, म्हणजे तिथला संध्याकाळी पाचचा कार्यक्रम आपल्याकडे दुपारी दीडला. अमेरिकेतले काही कार्यक्रम मात्र वर्गणीत येत नाहीत, त्यांचे वेगळे पैसे पडतात. तानाहाशीसाठी त्यांची गरजही नाही.

या सेवेचं खरं मोल जुन्या साठ्यात आहे, आणि तो कुठून बघायचा हे ठरवलं नाही तर माणूस हरवतो. तानाहाशीचं पदार्पण 10 ऑक्टोबर 1999 चं, पण तिथून सुरुवात करू नका. 2006 मध्ये साप्पोरोत जायंट बर्नार्डला हरवून त्याने आयडब्ल्यूजीपी हेवीवेट हा कंपनीचा तेव्हाचा सर्वोच्च किताब पहिल्यांदा घेतला (पुढे एकूण आठ वेळा). तेही नंतर बघा. सुरुवात करा 4 जानेवारी 2012 पासून. त्या दिवशी त्याने मिनोरू सुझुकीविरुद्ध किताब अकराव्यांदा राखला आणि युजी नागाताचा दहाचा विक्रम मोडला. त्याच रात्री अमेरिकेहून परतलेला 24 वर्षांचा ओकादा समोर आला, आणि प्रेक्षकांनी त्याची हुर्यो केली. 12 फेब्रुवारीला ओसाकात त्याच पोराने किताब हिसकावला.

पुढे या दोघांच्या लढतींचा हा क्रम ठेवा: 16 जून 2012 (तानाहाशीने किताब परत घेतला), 4 जानेवारी 2013, 7 एप्रिल 2013, 4 जानेवारी 2015, 4 जानेवारी 2016. 2015 ची लढत हरल्यावर ओकादा रडत रडत रॅम्पवरून जातो. हा प्रसंग पळवून बघितला तर 2016 चा निकाल नुसता निकाल उरतो.

बघताना डोळे गुडघ्यावर ठेवा. तानाहाशीचं सगळं गणित पायापासून सुरू होतं. ड्रॅगन स्क्रूमध्ये तो लाथ मारायला आलेला पाय पकडतो, पोटाशी घट्ट दाबतो आणि स्वतः आतल्या बाजूला गिरकी घेत खाली पडतो. समोरच्याला दोनच वाटा उरतात: सोबत फिरायचं, नाही तर गुडघा पिळवटू द्यायचा. कुस्ती बघणाऱ्याला पट काढणं माहीत असतं. तिथे पाय धरायचा तो माणूस चीत करायला, इथे पाय धरायचा तो पुढच्या वीस मिनिटांची तजवीज म्हणून. पाय गेला की समोरचा पळत नाही, उडी मारत नाही आणि ओकादाच्या रेनमेकरला (लढत संपवणारा त्याचा हाताचा फटका) लागणारा जोरही तुटतो. मग मानेला हात अडकवून खाली पाडणारा स्लिंग ब्लेड, आणि शेवटी वरच्या दोरावरून अंगावर झेप, म्हणजे हाय फ्लाय फ्लो. हा डाव बहुधा दोनदा येतो. पहिल्यांदा उभ्या किंवा पालथ्या माणसावर, दुसऱ्यांदा उताण्यावर.

तो फसतो कसा, हेही शिकून घ्या. खालच्याने ऐन वेळी दोन्ही गुडघे वर केले की तानाहाशीचं पोट त्यावर आदळतं. जपानी समालोचक याला 'केन्झान' म्हणतात. फुलांच्या मांडणीत देठ रोवायला टोकदार खिळ्यांची चकती वापरतात, तिचं हे नाव. आणि डाव फसला नाही तरी अंग जमिनीवर आदळतंच. वर्षानुवर्षं हा डाव टाकून त्याच्या स्वतःच्या गुडघ्यांची काय गत झाली, ते 2012 आणि 2018 ची चाल शेजारी ठेवली की दिसतं.

समालोचनाबद्दल: 2016 च्या आधीच्या बहुतेक लढती जपानीतच आहेत. इंग्रजीचा पर्याय असला तरी मी जपानी लावायला सांगेन. शब्द कळले नाहीत तरी आवाजाची पट्टी कळते. 'हिझा' म्हणजे गुडघा, एवढं पुरे. रिंगणातून दर पाच मिनिटांनी किती वेळ झाला ते पुकारतात: 'गोफुन केइका' म्हणजे पाच मिनिटं झाली. रिंगणाबाहेरची मोजणी इथे वीसपर्यंत चालते, दहापर्यंत नाही. नव्या प्रेक्षकाला ती उगाच लांबलेली वाटते, पण बाहेरची मारामारी इतकी रंगते ती त्या वीसमुळेच.

घड्याळ सगळ्यात जास्त बोलतं ते 2018 मध्ये, आणि सेवेचे पैसे तिथेच वसूल होतात. 4 मे 2018 ला फुकुओकात ओकादाने बाराव्यांदा किताब राखला. म्हणजे तानाहाशीचा अकराचा विक्रम मोडला, तोही तानाहाशीलाच हरवून. तीन महिन्यांनी, 10 ऑगस्टला, जी-1 या कंपनीच्या वार्षिक स्पर्धेच्या साखळीत दोघे पुन्हा भिडले. विजयाला 2 गुण, बरोबरीला 1, मर्यादा 30 मिनिटांची. ही लढत घंटेपर्यंत चालली, बरोबरीत सुटली, आणि त्या एका गुणाने 41 वर्षांचा तानाहाशी 15 गुणांसह अंतिम फेरीत गेला. 12 ऑगस्टला निप्पोन बुडोकानमध्ये त्याने कोता इबुशीला हरवलं, आणि 4 जानेवारी 2019 ला केन्नी ओमेगाकडून किताब घेतला. 10 ऑगस्टची लढत पळवू नका. शेवटच्या पाच मिनिटांत दोघेही घड्याळाशी लढत असतात, आणि बरोबरी कोणाच्या पथ्यावर पडणार हे गुणतक्ता बघून बसलेल्यालाच कळतं.

शोधताना एक काळजी घ्या: इंग्रजी अक्षरांत नाव टाकून मनासारखं मिळालं नाही तर तारखेने कार्यक्रम उघडा. वरच्या सगळ्या तारखा त्यासाठीच दिल्या आहेत. काही जुन्या चित्रफितींत प्रवेशाचं संगीत हक्कांच्या अडचणीमुळे बदललेलं किंवा गाळलेलं असतं, तो तुमच्या स्पीकरचा दोष नव्हे. मोबाईलवर चालतं, पण ड्रॅगन स्क्रूतली पायाची पकड छोट्या पडद्यावर निसटते, तेव्हा टीव्हीवर लावा. निरोपाची लढत अगदी शेवटी ठेवा, आणि त्याआधी त्याच संध्याकाळी 12 फेब्रुवारी 2012 ची लढत पुन्हा एकदा पूर्ण बघा.